थांबा म्हटल्यावर

भोंग्याचा दात पडला, त्या दिवशी निम्म्या शाळेला मनातून गुदगुल्या झाल्या. उगाच खोटं कशाला बोला? दहावीतला हा पोरगा म्हणजे आवाजाने भोंगा आणि जिभेने विंचू. त्याचं तोंड कुणीतरी एकदा फोडायलाच हवं होतं. फक्त ते काडीने फोडावं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काडी त्याच्याच वर्गातली. अंगाने काडी आणि पेटायलाही काडी, म्हणून ते नाव पडलेलं.

झालं असं, की मधल्या सुट्टीत नळापाशी भोंगा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "काय गं काडे, तुझी आई परत दारावर आपटली म्हणे? दार आहे की बॉक्सर?"

पोरं फिदीफिदी हसली. काडीने हातातला डबा कट्ट्यावर ठेवला, त्याचं झाकण नीट लावलं. मग भोंग्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं तोंड नळाच्या तोटीवर आपटलं. तो ओरडायला तोंड उघडतोय तोवर पुन्हा आपटलं. मोरीत लाल पाणी गरगरायला लागलं तरी तिने केस सोडले नव्हते. हसणारी पोरं आता चार पावलं मागे जाऊन उभी होती आणि कुणाचीही मध्ये पडायची टाप नव्हती.

धावत आल्या त्या खेळाच्या बाई. ठेंगणी मूर्ती, पायात फटफट वाजणाऱ्या चपला आणि आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. त्यांनी काडीची मानगूट धरून तिला ओढलं, भिंतीला टेकवलं आणि कानाखाली जाळ काढायला हात उगारला.

काडीची पापणी हलली नाही.

बाईंचा हात वरच राहिला. हात उगारला की पोरं डोळे मिटतात, मान चुकवतात, आधीच भोकाड पसरतात. ही त्या हाताकडे बघत होती, बस येईल तेव्हा येईल अशा चेहऱ्याने.

"मुख्याध्यापकांकडे नंतर जाऊ," बाई हात खाली घेत म्हणाल्या. "आधी माझ्याबरोबर खाली चल."

खाली म्हणजे शाळेच्या सभागृहाखालचं तळघर. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकलेली असायची. बाईंनी कुणाकुणाच्या हातापाया पडून ती हलवली होती आणि लांबट खोलीत एअर रायफलची रेंज उभी केली होती. एका टोकाला जमिनीवर लाल रेघ आणि तिच्यापुढे टेबलं. दुसऱ्या टोकाला दिव्याखाली पांढरे कागद, कागदावर काळे गोल. तेलाचा आणि शिशाचा वास. रेघेवर कडक जाकिटं घातलेली तीन मुलं उभी होती आणि मधूनच फट् असा आवाज होत होता. एवढ्या मोठ्या नावाच्या वस्तूचा आवाज एवढासा, हे बघून काडीला हसूच येणार होतं.

तेवढ्यात बाई ओरडल्या, "थांबा!"

आणि तिघंही थांबली. म्हणजे कशी? एकाचं बोट घोड्यावर होतं, त्याने ते काढलं. तिघांनी रायफली टेबलावर ठेवल्या, नळ्या पलीकडे, तोंडातून केशरी दोरी आरपार घातलेली, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसावं. मग सगळ्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले आणि एक पाऊल मागे घेतलं. कुणी कुरकुरलं नाही, कुणी "एकच गोळी राहिली" म्हटलं नाही.

काडी त्या उघड्या हातांकडे बघतच राहिली. हा शब्द तिच्या रोजच्या ओळखीचा होता. घरी तो रोज ऐकू यायचा. "अहो, थांबा. अहो, तिच्यासमोर नको. अहो, थांबा ना!" आई हे बाबांना काडीच्या जन्माच्याही आधीपासून म्हणत आली असेल. पण हा शब्द म्हटल्यावर कुणी थांबतं, हे काडी आज पहिल्यांदा बघत होती.

"हे नेहमी थांबतात?" तिने विचारलं.

"न थांबून जातात कुठे?" बाई म्हणाल्या. "पायावर साप चढला तरी थांबायचं. हा शब्द आला की हात उघडे आणि पाऊल मागे. नेम-बिम सगळं त्याच्यानंतर."

"मला घ्या ना ह्यात," काडी म्हणाली.

मघाशी एकाचा दात पाडलाय आणि आता रायफल मागतेय, म्हणजे पोरीची कमालच की नाही! पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी रिकामी रायफल तिच्या हातात दिली, खांदा, कोपर, गाल नीट लावून दिले, नळीवर एक नाणं ठेवलं आणि तिच्या पाठीमागे गेल्या. तिथे पत्र्याचं एक जुनं झाकण होतं. बाईंनी ते डोक्याच्या उंचीएवढं उचललं आणि फरशीवर टाकलं. तळघर हादरलं. ती तिघं मुलं, रोजची सवय असूनही, दचकली.

काडीच्या नळीवरचं नाणं जागचं हललं नाही.

बाईंनी बराच वेळ त्या नाण्याकडे पाहिलं. असलं स्थैर्य शिकवून येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते कुठून येतं, याचाही अंदाज त्यांना आला असावा.

"घरी कोण मारतं?"

"कुणी नाही," काडी म्हणाली. "दारावर आपटतो आम्ही."

खरी गोष्ट अशी, की काडीच्या घरी एक नियम होता. पापणी हलली की दुसरी बसायची. "नाटकं करतेस?" असं म्हणून बाबा दुसरी द्यायचे आणि ती पहिलीपेक्षा जोरात असायची. त्यामुळे काडी न हलायला शिकली होती.

"माझी एक अट आहे," बाई म्हणाल्या. "ज्याचा हात माणसावर उठतो, त्याच्या हातात मी रायफल देत नाही. शाळेत, रस्त्यात, घरात, कुठेही. समोरच्याने काहीही केलेलं असो. मघाशी माझाही उठला होता, तो शेवटचा. आंतरशालेय स्पर्धेची निवड होईपर्यंत मी तुला बघेन. एकदा जरी तुझा हात उठला, तरी ह्या जिन्याने परत खाली यायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"आणि भोंग्याची माफी. तो आपल्याच टीममध्ये आहे."

काडीने कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी ती गेली आणि सुजलेल्या ओठांच्या भोंग्यापुढे उभी राहून म्हणाली, "चुकलं माझं. दात सापडला तर आणून देईन." ह्याला माफी म्हणायचं की नाही यावर बाईंनी थोडा विचार केला आणि चालवून घेतलं.

मग सुरू झालं. भोंगाही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याला अट कळली आणि तो हात धुऊन तिच्या मागे लागला. जिन्यात खांदा मार, दप्तर लाथाड, पडलेल्या दाताच्या फटीतून वारा सोडत "दार, दार" म्हण. काडीने आपले हात खिशात घातले ते कायमचे. नखं तळव्यात रुतून रक्त यायचं, पण हात खिशातून निघायचे नाहीत. आणि बाईंचं ते "थांबा" कुठेही यायचं. व्हरांड्यात, मैदानावर, पाणी पिताना. हात उघडायला ज्याला उशीर होईल, त्याने तळघर झाडायचं. एकदा बाई भर रस्त्यात ओरडल्या आणि भोंग्याच्या हातातला डबा भाजीसकट गटारात गेला. त्या दिवशी काडी पहिल्यांदा त्याच्यासमोर हसली, आणि आश्चर्य म्हणजे तोही हसला.

दिवसागणिक तो शब्द अंगात असा मुरला, की डोक्याला कळायच्या आत हात उघडायचे.

काडीचे बाबा गाड्यांचे पत्रे ठोकायचे. चेपलेलं मडगार्ड त्यांच्याकडे सकाळी दिलं की संध्याकाळी नवं होऊन मिळायचं. लहानशी हातोडी घेऊन, कान लावून, हलके हलके ठोकत ते पोचे काढायचे. एका जागी दोनदा ठोकायचं नाही, पत्रा दुखावतो, असं ते नवीन कामगारांना सांगायचे. बघा आता! पत्र्याला जपायची ही अक्कल घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून माणूस आत यायचा. आत आला की ताट भिरकावणं, आईचा अंबाडा धरून डोकं भिंतीवर आपटणं, बरगड्यांत लाथ. एका जागी किती वेळा, याचा तिथे हिशेब नसायचा. आई बाहेरच्या खोलीत मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. कापड आणून देणाऱ्या बायका तिच्या डोळ्याखालच्या निळ्या डागाकडे बघायच्या आणि गळ्याची खोली किती हवी ते सांगायच्या.

एकदा बाई घरी आल्या. निमित्त होतं जाकिटाचं. नेमबाजाचं जाकीट जाड आणि ताठ लागतं, अंग हलू नये म्हणून. शाळेच्या जाकिटांपैकी एकही काडीला बसत नव्हतं. आई म्हणाली, मी शिवते. बाईंनी चहा घेतला, मापं सांगितली आणि निघताना आईच्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"दार लागलं," आई म्हणाली.

"मग दार बदला की," बाई म्हणाल्या.

आईने मान खाली घातली. बाई चपला वाजवत निघून गेल्या.

जाकिटासाठी कॅनव्हास मिळाला, पण खांद्याला आणि कोपराला चामडं हवं होतं. ते आईने परसातल्या ढिगातून काढलं. बाबांनी गॅरेजमधून आणून टाकलेल्या एका जुन्या गाडीच्या सीटचं ते कव्हर होतं. सीट कित्येक महिने तिथे पडून होती, तिच्यात मांजरी व्यायच्या. कोण विचारतंय, असं आईला वाटलं.

बाबा घरी नसले की फिटिंग चालायचं. काडी कपडे मापायचा लाकडी गज रायफलीसारखा धरून उभी राहायची आणि आई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायची. रेंजवरच्या सगळ्या गोष्टी काडी तिला सांगायची. बाईंची अट सांगितली, भोंग्याचा गटारात गेलेला डबा सांगितला, तो शब्द सांगितला.

"म्हणजे नुसतं म्हटलं, की?" आईने विचारलं.

"म्हणून तर बघ."

आईने टाचण्या तोंडातून काढल्या. इकडे तिकडे पाहिलं. मग घसा खाकरून, लाजत म्हणाली, "थांबा."

गज टेबलावर, हात उघडे, पाऊल मागे.

"अगंबाई!" आई म्हणाली. "खरंच थांबलीस की!" आणि ती अशी हसली, की तिच्या फुटलेल्या ओठाची खपली निघाली. "परत धर. परत धर बघू. थांबा!" तिने तो शब्द किती वेळा म्हणून बघितला असेल, देव जाणे. प्रत्येक वेळी गज खाली जायचा आणि प्रत्येक वेळी आई लहान पोरीसारखी टाळी वाजवायची. शेवटी तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ते हसून आलं असं ती म्हणाली. काडीला काही ते खरं वाटलं नाही.

निवड उद्यावर आली होती, त्या संध्याकाळची ही गोष्ट. जाकीट पुरं झालं होतं. आईने ते मशीनशेजारच्या खुंटीला टांगलं होतं आणि ती उरलेले धागे कापत होती. काडी आतल्या खोलीत बूट पुसत होती. बाबा लवकर आले. त्या जुन्या गाडीचा मालक इतक्या महिन्यांनी उगवला होता आणि सगळ्यांसमोर त्यांना सीटचोर म्हणून गेला होता. बाबा आधी परसात गेले. ढिगात उचकापाचक केल्याचे आवाज आले. मग ते आत आले, हत्यारांची पिशवी दाराशी टाकली आणि खुंटीकडे बघत उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "पोरीला हवं होतं. मला वाटलं..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. बाबांनी मूठ तिच्या तोंडावर मारली, ती मशीनवर कोसळली, तिला केसांनी उचलून त्यांनी तिचं कपाळ मशीनच्या चाकावर आपटलं. चाक फिरलं, सुई खालीवर झाली. "गॅरेजात माझी अब्रू काढलीस! चोर ठरवलंस मला!" आईच्या भुवईतून रक्ताची धार लागली. त्यांनी टेबलावरची कपडे कापायची मोठी कात्री उचलली आणि जाकिटाची बाही कापायला घेतली. ती अर्धी कापून होते न होते, तोच आईने खालून जाकीट ओढून पोटाशी धरलं आणि त्याच्यावर पालथी पडली. "हे नको. अहो, हे तेवढं नको."

बाबांनी कात्री फेकून दिली आणि लाथ घातली. मग दुसरी. बरगडी मोडल्याचा आवाज काडीने दारातून ऐकला.

इतके दिवस खिशात असलेले हात बाहेर आले. दाराशी पिशवी होती. पिशवीत ती हातोडी होती, पत्र्याला जपणारी. काडीने ती उचलली आणि बाबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिला राग आलेला नव्हता, खरं सांगतो. राग नळावर आला होता. आता सगळं रेंजवरच्यासारखं झालं होतं. तिने श्वास अर्धा सोडला आणि धरला. बाबांच्या उजव्या कानामागे एक काळा तीळ होता. तो मोठा होत गेला, बाकीची खोली पुसट झाली. हातोडी वर गेली. हात थरथरला नाही.

आईने खालून ते पाहिलं. तोंडात रक्त होतं, श्वास पुरत नव्हता, तरी ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"थांबा!"

बाबांना वाटलं, नेहमीसारखं आपल्यालाच. त्यांनी पाय पुन्हा उचलला.

काडीचे हात उघडले. हातोडी फरशीवर पडली, ठण्ण. तिने एक पाऊल मागे घेतलं. तिने ठरवून घेतलं नाही. तिला थांबायचं नव्हतं हो, तिला मारायचं होतं! पण हात उघडले ते उघडलेच.

बाबा वळले. त्यांनी हातोडी पाहिली, काडीचे पसरलेले तळवे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं.

"बापाला?" ते हळूच म्हणाले. "मला मागून?" त्यांनी हातोडी उचलली, काडीचं मनगट धरून तिला फरफटत मशीनपाशी नेलं आणि तिचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरला. "ह्याच हाताने ना? ह्याच हाताने निशाणं लावायची आहेत ना बाईसाहेबांना?"

हातोडी वर गेली. काडीने पापणी हलवली नाही आणि बोटंही मिटली नाहीत. ती हातोडीकडे बघत राहिली.

आई उठली कशी, हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. कात्री तिच्या हाताशी पडली होती. मग ती कात्री बाबांच्या उगारलेल्या हाताखाली, बगलेत, मुठीपर्यंत गेली. बाबांच्या तोंडून आवाज निघाला तो आश्चर्याचा होता. हातोडी पडली. ते वळले आणि आईने कात्री बाहेर काढून पुन्हा घातली, गळ्याशी. त्यांनी तिचा गळा धरला, तर तिसऱ्यांदा घातली. ते गुडघ्यांवर आले, मग फरशीवर. आईही त्यांच्याबरोबर खाली बसली आणि तिचा हात वरखाली होत राहिला.

"आई, थांब!" काडी किंचाळली. "आई, थांबा! थांबा!"

आई थांबली नाही. त्या शब्दावर थांबायची सवय तिला कुणी लावलीच नव्हती.

जेव्हा हातच वर जाईना, तेव्हा ती मागे सरकून भिंतीला टेकली. बाबांच्या पायाची टाच थोडा वेळ फरशीवर घासत राहिली, मग तीही थांबली. जाकीट टेबलाखाली होतं. आईने पदराने तोंड पुसलं आणि काडीला जवळ बोलावलं.

"ऐक," ती म्हणाली. "तुझा हात उठलाच नाही. कळलं? पोलिसांना, बाईंना, कुणालाही. तू आत होतीस. तुझा हात उठलाच नाही."

पोलीस आले, आईला घेऊन गेले. बाबांना दवाखान्यात नेऊन काही उपयोग नव्हता, तरी नेलं. काडीला बाईंनी आपल्या घरी नेलं आणि निवड पुढे ढकलली. जाकीटही त्यांनीच आणलं, धुतलं आणि कापलेली बाही स्वतः शिवली. शिवणकामात बाईंचा आनंदीआनंदच होता.

काडी पुन्हा तळघरात उतरली, तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली.

"बाई, माझा हात उठला होता," ती म्हणाली. "आई नाही म्हणाली तरी उठला होता. हातोडी होती. मी डोक्यातच घालणार होते."

रेघेवरच्यांनी रायफली खाली ठेवल्या.

"मग?" बाईंनी विचारलं.

"आई थांबा म्हणाली."

बाई पाठ फिरवून टेबलावरच्या छऱ्यांच्या डब्या उगाच सारख्या करत राहिल्या. "मी तुमच्या घरी चहा पिऊन आले," त्या म्हणाल्या. "सगळं दिसत असून चहा पिऊन, दार बदला म्हणून आले. ती अट तुला लावायला माझं तोंड नाही." मग त्यांनी नाक पुसलं, एका रायफलीतून केशरी दोरी ओढून काढली आणि ती तिच्यापुढे धरली. "उठलेला हात एका शब्दावर उघडला तुझा. आणखी काय शिकवू मी तुला? ये रेघेवर."

काडीने रायफल खांद्याला लावली. नळीवर नाणं ठेवलं गेलं. मागे पत्र्याचं झाकण आपटलं आणि काडी अख्खी दचकली. डोळे गच्च मिटले, नाणं टणटणत टेबलाखाली गेलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. घरात आता मारणारं कुणी उरलं नव्हतं आणि अंगाने एवढ्या वर्षांचं दचकणं साठवून ठेवलं होतं, ते आता बाहेर येत होतं. ती रायफल ठेवून ढसाढसा रडली. भोंगा वाकला, टेबलाखालून नाणं काढलं, पँटला पुसलं आणि परत नळीवर ठेवलं.

"परत कर," तो दाताच्या फटीतून म्हणाला. "मी पण रोज पाडतो."

निवड झाली आणि मग कोठडीत भेटायची परवानगी मिळाली, तेव्हा काडी जाकीट घालूनच गेली. मध्ये जाड जाळी होती, पलीकडे आई. तिच्या कपाळाला टाके होते आणि चेहऱ्याची सूज उतरली होती. तिचा तो चेहरा डागाशिवाय कसा दिसतो, हे काडी आता हळूहळू बघणार होती.

"घेतलं का टीममध्ये?" हाच तिचा पहिला प्रश्न.

"घेतलं."

आईने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि तिची नजर बाहीवर गेली. "ही शिलाई कुणी मारली गं?"

"बाईंनी."

"अगंबाई, केवढाले टाके! पोतं शिवलंय जसं. खांद्यात ओढतंय का? हात वर कर बघू. आण इकडे." काडी जाळीला चिकटली. आईने दोन बोटं जाळीतून बाहेर काढली आणि बाहीची शिवण चाचपली. काडीने ती बोटं धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. बोटं गार होती आणि टाचण्या टोचून खरखरीत झालेली होती.

"बाईंना सांग," आई म्हणाली, "दार बदललं म्हणावं."

ती बोटं आता सोडायचीच नाहीत, असं काडीने मनाशी पक्कं केलं होतं. कुणीही येऊ दे, काहीही होऊ दे.

कोपऱ्यात बसलेल्या पहारेकरीण बाईचं लक्ष गेलं. ती खुर्चीवरून उठत ओरडली, "ए, थांबा! हात लावायचा नाही!"

काडीचे हात उघडले. तळवे पसरले आणि पाऊल एक मागे पडलं.

आईची बोटं जाळीतून बाहेर तशीच राहिली. तिने काडीच्या उघड्या हातांकडे पाहिलं, आणि जे झालं ते तिला पहारेकरणीच्या आधी कळलं.

"शाब्बास," आई म्हणाली. "अस्संच." आणि मग तिला रडू आवरेना.